ट्रायपॉड लावूनही लँडस्केप शार्प येत नाही? आधी फोटोतला धूसरपणा नीट बघा

तक्रार नेहमीचीच. राजहंसगडावर पहाटे ट्रायपॉड लावला, आयएसओ १०० ठेवला, टायमर वापरला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसला, आणि घरी लॅपटॉपवर शंभर टक्के मोठा करून बघितला तर गवतही नाही, दगडही नाही, सगळं गिळगिळीत. मग लेन्सवर खापर फुटतं आणि नव्या लेन्सच्या किमती बघणं सुरू होतं. लेन्स खरोखर बिघडलेली असते ती क्वचित. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात पावसाळ्यात बाष्प, हिवाळ्यात दव, माळावर वारा आणि उन्हाळ्यात तापलेली हवा, या चारांपैकी एक कारण बहुतेक वेळा सापडतं. प्रत्येक कारणाचा धूसरपणा वेगळा दिसतो, त्यामुळे खर्च करण्याआधी फोटोच तपासायचा.

फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि सहा ठिकाणं बघा: मधोमध, चारही कोपरे, आणि अगदी पायाजवळचा दगड किंवा गवत. मग खालीलपैकी काय जुळतं ते ठरवा.

- सगळ्या कडा एकाच दिशेला दुहेरी, दूरचे दिवे ठिपक्यांऐवजी छोट्या रेघा: कॅमेरा हलला.
- दगड शार्प, पण गवत आणि फांद्या पुसट: कॅमेरा स्थिर होता, वाऱ्याने विषय हलला.
- काळा रंग राखाडी, उजेडाच्या भोवती वलय, सगळीकडे दुधाळ: लेन्सवर बाष्प, दव किंवा मिठाचा थर.
- जवळचं शार्प, लांबचं पुसट किंवा उलट: फोकस.
- लांबच्या कडा नागमोडी, आणि लागोपाठच्या दोन फोटोंत नागमोड वेगवेगळी: तापलेली हवा.
- लांबच्या डोंगराची कड जागच्या जागी, पण रंग फिका: हवेतला धूर किंवा धूळ. कॅमेऱ्याचा दोष नाही.
- एकच बाजू किंवा एकच कोपरा पुसट: काचेवर थेंब, नाहीतर लेन्सच्या आतलं भिंग सरकलेलं.

दोन कारणं एकत्रही येतात. चोर्ल्याच्या सड्यावर सप्टेंबरात वारा आणि बाष्प जोडीनेच असतात. अशा वेळी आधी काच तपासा, कारण दुधाळ फोटोत हलल्याची खूण दिसतच नाही.

काचेवर बाष्प

आपल्याकडच्या तक्रारींत हे कारण सगळ्यात वरचं, आणि उपाय सगळ्यात चुकीचे केले जातात तेही इथेच. काच हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असली की हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. पावसाळ्यात घाटावर तापमान २३ अंश आणि आर्द्रता ९७ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २२.५ अंश येतो. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याला जाताना गाडीत एसी २० वर असला तर कॅमेराही तेवढाच थंड झालेला असतो. दार उघडून कॅमेरा बाहेर काढला की मिनिटाभरात काच पांढरी. इथे माणूस फडकं काढतो आणि पुसतो. काच अजून थंडच असते, म्हणून बाष्प परत बसतं, तो परत पुसतो, आणि चार वेळा पुसल्यावर काचेवर तेलकट ओघळ उरतात ते वेगळेच. तोंडाने फुंकर मारणं तर त्याहून वाईट, श्वासात बाष्पच असतं.

खरा उपाय काच गरम होऊ देणं. पोहोचायच्या २०-३० मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा. ते जमत नसेल तर कॅमेरा बॅगेत बंद करून डिकीत ठेवा. उतरल्यावर बॅग लगेच उघडू नका, अर्धा तास तशीच राहू द्या. कॅमेरा झिपच्या जाड प्लास्टिक पिशवीत असेल तर आणखी बरं, कारण मग पाणी बसायचं ते पिशवीच्या बाहेरून बसतं. मोठ्या टेलिफोटोला (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सला) काचेचा आणि धातूचा ऐवज जास्त असल्याने पाऊण तासही लागतो. लॉजच्या एसी खोलीतून पहाटे थेट कारवारच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्यांना हाच त्रास होतो. तिथे रात्री कॅमेऱ्याची बॅग खोलीत न ठेवता, सुरक्षित असेल तर, बंद गाडीत ठेवलेली चांगली.

बाष्प कुठल्या काचेवर आहे हेही बघावं लागतं. मोबाइलची बॅटरी लेन्सवर तिरकी मारा. समोरच्या काचेवर असेल तर बोट टेकवल्यावर खूण उमटते. बोट टेकवूनही दुधाळपणा तसाच राहिला तर तो फिल्टर आणि लेन्स यांच्या मधल्या फटीत आहे. मग फिल्टर काढा, दोन मिनिटं मोकळा सोडा. यूव्ही फिल्टर बाहेरून पुसत बसणारे हे विसरतात. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरची काचही श्वासाने धुरकट होते आणि फोकसच गेला असं वाटायला लागतं.

हिवाळ्यातलं दव वेगळं. राकसकोपच्या काठावर किंवा खानापूरच्या भातशेतात डिसेंबरच्या पहाटे आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असतो. उघड्या आभाळाखाली ठेवलेली लेन्स आपली उष्णता वर फेकत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते. इथे अर्धा तास थांबून उपयोग नाही, वेळ जाईल तसं दव वाढतच जातं. ताऱ्यांचे किंवा दीर्घ एक्स्पोजरचे फोटो काढताना पहिले दहा छान आणि पुढचे सगळे दुधाळ, असं झालं तर कारण हेच.

त्याला उत्तर म्हणजे लेन्स गरम ठेवणारी यूएसबी पट्टी. ती ५ व्होल्टवर ५ ते १० वॉट घेते. १०,००० एमएएचची पॉवर बँक हिशेबाने ३७ वॉट-तासांची, पण हातात २५ ते ३० येतात. म्हणजे ७-८ वॉटची पट्टी तीन-साडेतीन तास चालते. पट्टी समोरच्या काचेच्या लगेच मागे गुंडाळायची, फोकसच्या रिंगवर नाही. गुंडाळताना रिंग हलतेच, तेव्हा आधी पट्टी, मग फोकस. आच मंद ठेवा. काचेवर दव बसू नये इतपतच पुरे. लेन्स जास्त तापली तर तिच्यासमोरची हवा थरथरते आणि एक दुखणं जाऊन दुसरं येतं. पट्टी नसेल तर थंडीत हात शेकायला मिळणाऱ्या रासायनिक पुड्या रबरबँडने बांधा. लेन्सहूड लावलेला असावा. दोन फोटोंच्या मध्ये पाच मिनिटं जाणार असतील तर टोपण घाला.

लेन्सच्या आत, भिंगांच्या मध्ये बाष्प गेलं असेल तर हेअर ड्रायर मारू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत २४ ते ४८ तास ठेवा. तांदळात पुरून ठेवण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. त्याने तांदळाची पूड झूम रिंगच्या फटीत जाते, बाकी काही साधत नाही.

आणि मृगापासून पुढे तीन-चार महिने घरात ठेवलेल्या कॅमेऱ्याचं काय? इथल्या झडीच्या पावसात घरातली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर आठवडेच्या आठवडे राहते, आणि ६५ च्या वर सतत राहिली की बुरशीला पुरे होतं. लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर ठेवून मागून बॅटरी मारा. बारीक फाटे फुटलेल्या पांढऱ्या तंतूंची नक्षी दिसली तर ती बुरशी. ती घरी खोलून पुसण्याची गोष्ट नाही. ती येऊ नये म्हणून १०-१५ लिटरचा रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात १५०-२०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, आतलं वंगण सुकतं. रंग बदलणारं जेल घ्या, आणि शक्यतो नारिंगी, कारण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास भाजून परत वापरता येतं. चामड्याची जुनी केस मात्र डब्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं.

वारा आणि हादरा

ट्रायपॉड लावला म्हणजे कॅमेरा स्थिर झाला, हा समज राजहंसगडाच्या तटावर पंधरा मिनिटांत मोडतो. तिथे दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून वारा अडवायला काही नाही. हादरा आहे की नाही हे डोळ्यांनी बघता येतं: लाइव्ह व्ह्यू लावा, चित्र दहापट मोठं करा, लांबचा एखादा खांब पडद्यावर आणा आणि हात काढून घ्या. खांब थरथरायचा थांबायला किती सेकंद लागतात ते मोजा. दोन सेकंदांत थांबत असेल तर दोन सेकंदांचा टायमर चालेल. चार लागत असतील तर पाच किंवा दहाचा लावा. कधीच थांबत नसेल तर पुढच्या गोष्टी या क्रमाने करा.

१. गळ्याचा पट्टा काढा किंवा ट्रायपॉडच्या डोक्याभोवती घट्ट गुंडाळा. वाऱ्यात फडफडणारा पट्टा एकटाच फोटो बिघडवायला पुरतो.
२. मधला दांडा पूर्ण खाली.
३. सगळ्यात खालचे, बारीक भाग आत घ्या. उंची कमी झाली तर बसून काढा.
४. एक पाय वाऱ्याच्या पुढच्या दिशेला, म्हणजे वारा ज्या बाजूला ढकलतोय तिकडे.
५. बॅग हुकाला टांगायची तर अशी की तिचं बूड जमिनीला टेकलेलं राहील. लोंबकळणारी बॅग झोका घेते आणि ट्रायपॉडलाही सोबत हलवते.
६. लेन्सहूड मोठा असेल आणि ऊन समोर नसेल तर तो काढा.
७. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्थिरीकरण बंद. ट्रायपॉडवर काही जुन्या लेन्सचं स्थिरीकरण स्वतःच सरकत राहतं.

एवढं करूनही थरथर राहिली तर तटाच्या आडोशाला जा. वाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही.

डीएसएलआरवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कॅमेऱ्याच्या आतल्या, शटर दाबताच वर उचलल्या जाणाऱ्या आरशाच्या आपटण्याचा हादरा साधारण १/६० ते १ सेकंद या शटरवेगांत सगळ्यात जास्त दिसतो. त्याहून वेगात तो उमटायला वेळ नसतो, आणि पाच-दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्याचा वाटा नगण्य होतो. लाइव्ह व्ह्यूमधून काढा किंवा मिरर लॉक (आरसा आधीच उचलून ठेवणं) वापरा. मिररलेसमध्ये आरसा नाही, पण मेकॅनिकल शटरचा हलका धक्का टेलिफोटोवर दिसतो. मेनूमध्ये इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (एक्स्पोजरची सुरुवात शटरच्या पडद्याऐवजी सेन्सरनेच करणारा पर्याय) चालू करा.

गोकाक धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावर ट्रायपॉड उघडणं व्यर्थ आहे. माणसं चालत असतील तर पूल हलतो, आणि नसतील तरी वारा त्याला स्वस्थ बसू देत नाही. पुलावरून काढायचाच तर हातात धरून, १/५०० किंवा त्याहून वेगात, आयएसओ लागेल तेवढा वाढवून. पाण्याचे रेशमी धागे हवे असतील तर काठावरच्या पक्क्या खडकावर या, कडेपासून लांब. पावसाळ्यात तो खडक शेवाळाने निसरडा असतो. धबधबा सुमारे ५२ मीटरचा, घटप्रभा भरून वाहत असली की तुषार समोरच्या काठापर्यंत येतात. लेन्स खाली वळवून ठेवा, फ्रेम आणि फोकस आधीच ठरवा, वाऱ्याचा झोत वळला की काच टिपून लगेच दोन-तीन फोटो घ्या, परत झाका. त्यातल्या एकावर डाग डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे असेल तर घरी दोन्ही जोडून एक स्वच्छ फोटो होतो.

रस्त्याच्या पुलावरून नदी टिपताना उसाची ट्रॉली गेली की पुलाला बसलेला हादरा ट्रॉली दिसेनाशी झाल्यावरही काही सेकंद टिकतो. तेवढं थांबा.

गवत आणि फुलं हलत असतील तर ट्रायपॉडचा दोष काढू नका. आयएसओ ८००, शटर १/२०० च्या आसपास ठेवून पुढच्या फुलांसाठी एक फोटो काढा आणि मागच्या दऱ्या-ढगांसाठी आयएसओ १०० वर दुसरा. दोन्ही एकाच फ्रेमचे असले की जोडायला सोपे.

फोकस

किट लेन्सला (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या लेन्सला) अंतराच्या खुणा नसतात आणि झूम केलं की तिचा फोकसही सरकतो. त्यामुळे आधी झूम ठरवा, मग फोकस, आणि त्यानंतर झूमला हात नाही. बारीक कागदी चिकटपट्टी लावून रिंग बांधून टाका.

फोकस कुठे करायचा? एपीएस-सी (फुलफ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर १८ मिमी आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो वाढला की छिद्र लहान) असताना २ मीटरवर फोकस केला तर हिशेबाने १ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं शार्प येतं. तेच एफ/११ ला १.५ मीटर. २४ मिमी, एफ/८ ला ३.६ मीटर, ३५ मिमीला साडेसात मीटरच्या वर. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) १६ मिमी, एफ/११ ला ८० सेंटीमीटर पुरे. हे आकडे मध्यम आकाराच्या प्रिंटचे आहेत. २४ मेगापिक्सेलचा फोटो शंभर टक्क्यांवर बघणाऱ्याला लांबचा डोंगर थोडा मऊ वाटेल. म्हणून अंतर दीडपट धरा, किंवा पुढच्या दगडासाठी एक आणि डोंगरासाठी एक असे दोन फोटो काढा.

धुक्यात ऑटोफोकस पुढेमागे धावत राहतो. झाडाच्या बुंध्याची काळी कड शोधा, त्यावर फोकस करून लगेच मॅन्युअलवर टाका. सगळंच शार्प यावं म्हणून एफ/२२ लावणं हा उपाय नाही: इतक्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो एकसारखा मऊ होतो. एपीएस-सी वर एफ/११, फुलफ्रेमवर एफ/१६ च्या पुढे अडल्याशिवाय जाऊ नका.

तापलेली हवा आणि धूर

घाट मागे टाकून पूर्वेला गेलं की दुखणं बदलतं. सौंदत्ती, बैलहोंगल, अथणीकडच्या काळ्या जमिनीवर मार्च ते मे दुपारी २०० मिमीची लेन्स लावून लांबचा डोंगर किंवा देऊळ टिपलं तर कडा वितळल्यासारख्या येतात. दहा फोटो लागोपाठ काढा आणि एकमेकांवर ताडून बघा. प्रत्येकात कड वेगळीकडे वळलेली असेल तर ती हवा आहे. शटरवेग वाढवून हा दोष जात नाही, फक्त तो वाकडेपणा गोठतो. महागडी लेन्सही तेच दाखवते, उलट जास्त स्पष्टपणे. उपाय तीनच: सूर्योदयाच्या आसपास काढा, विषयाच्या जवळ जा, किंवा उंचावरून उंचावर बघा म्हणजे नजर जमिनीलगतच्या हवेतून जाणार नाही. नवीलतीर्थ धरणाचं पाणी वरच्या टेकडीवरून घेतलेलं म्हणूनच बरं येतं. अगदीच इलाज नसेल तर वीस फोटोंतला कमी वाकलेला निवडा. जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्यांवर जाणाऱ्यांनाही हाच नियम.

उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेली लेन्स बाहेर काढून लगेच वापरली तर लेन्सहूडच्या पोकळीतच गरम हवा कोंडते आणि हेच दृश्य तयार होतं. हूड काढून दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. चालू इंजिनच्या बॉनेटवरून फोटो काढू नका.

गळीत हंगामात, चिक्कोडी-हुक्केरीकडे ऊस तुटला की फडातलं पाचट पेटवलं जातं, गुऱ्हाळांचाही धूर असतो. सकाळच्या थंड हवेत तो खालीच थबकतो. कड शार्प आणि रंग फिका, असा फोटो येतो तो यामुळे. सूर्याशी काटकोनात कॅमेरा असेल तर पोलरायझर (चमक आणि फिकेपणा कापणारा फिल्टर) थोडं काम करतो. दाट धुक्यावर त्याचा उपयोग नाही, तिथले थेंब मोठे असतात. १६-१८ मिमीवर पोलरायझर आभाळात गडद पट्टा पाडतो, तो मग घरी निघता निघत नाही. वल्लभगडावरून लांबवरचं स्वच्छ हवं असेल तर एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस पडून गेल्यावरची सकाळ गाठा.

किनाऱ्यावर गेल्यावर

कारवार, गोकर्ण किंवा गोव्याला दोन गोष्टी वेगळ्या. मिठाचा थर बाष्पासारखाच दुधाळ दिसतो, पण काच गरम झाली तरी जात नाही. तो कोरडा पुसू नका, मिठाचे कण काचेवरून घासले जातात. आधी रबरी पंपाने हवा मारा, मग लेन्सच्या द्रवाने ओलं केलेलं फडकं टेकवून मीठ विरघळू द्या, उचला, आणि दुसऱ्या स्वच्छ फडक्याने मधून कडेकडे पुसा.

दुसरी गोष्ट, परतणारी लाट ट्रायपॉडच्या पायाखालची वाळू ओढून नेते आणि एक सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये क्षितिज दुहेरी येतं. पाय आधीच दाबून वाळूत रुतवा, दोन-तीन लाटा जाऊ द्या, मग क्षितिज पुन्हा सरळ करून शटर दाबा. इथे वरच्या सूचनेच्या उलट सगळ्यात खालचा भाग पूर्ण बाहेर काढा, म्हणजे पायाचं लॉक पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतं. संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन पाय उघडे ठेवून वाळवा. मीठ राहिलं तर पुढच्या वेळी लॉक घट्ट बसत नाही, आणि मग घाटावर ट्रायपॉड हळूहळू खाली सरकतो.

तरीही एकच बाजू पुसट

काच स्वच्छ, वारा नाही, फोकस बरोबर, तरी डावी बाजू पुसटच. मग लेन्स तपासा. ट्रायपॉडवर एफ/५.६ ला लांबच्या झाडांची रांग फ्रेममध्ये आडवी घ्या आणि एक फोटो काढा. नंतर कॅमेरा उलटा, वरची बाजू खाली करून तीच रांग घ्या, फोकस न बदलता. पुसटपणा पुन्हा फ्रेमच्या डावीकडेच आला तर दोष लेन्सचा. त्याच झाडांवर राहिला तर तुमच्या डावीकडची झाडं जवळ किंवा लांब आहेत एवढंच. शंका राहिली तर दुसरी लेन्स लावून तीच चाचणी करा, म्हणजे बॉडीचा माउंट वाकडा आहे का तेही कळेल. दुरुस्तीला देताना दोन्ही फोटोंच्या मूळ फायली पेन ड्राइव्हवर सोबत द्या आणि किती मिमीला दोष दिसतो ते कागदावर लिहा. झूम लेन्समध्ये तो अनेकदा एकाच टोकाला असतो, आणि दुसऱ्या टोकाला तपासलं तर "लेन्स ठीक आहे" म्हणून तशीच परत येते.